एकशे आठवा गोल

२०२३ साली, डिसेंबरातल्या एका गुरुवारी, चाकणजवळच्या निघोजे गावच्या मैदानावर फुटबॉलचा एक सामना झाला आणि त्या सामन्यामुळे पिंपळे गुरवमधलं एक स्वयंपाकघर वाचलं. सामन्याची बातमी कुठे छापून आली नाही. स्वयंपाकघराची तर येणारच नव्हती. पण ज्यांनी तो सामना पाहिला ते अजून हसतात, आणि जे तो खेळले ते विषय बदलतात.

स्वयंपाकघर रुक्मिणीबाईंचं. तुळजापूरकडून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला भाड्याच्या खोलीतला एक कोपरा आणि एक स्टोव्ह आला होता. पुढे पिंपळे गुरवला स्वतःची जागा झाली, ओटा आला, खिडकी आली, खिडकीत तुळस आली. त्या ओट्याशी उभं राहून बाईंनी एकुलत्या एक मुलीला, योगिनीला, वाढवलं आणि रहाटणीला नांदायलाही पाठवलं. इतक्या वर्षांत त्या ओट्यापाशी त्यांना कुणी काही शिकवायला आलं नव्हतं.

मग ज्योतीराम निवृत्त झाले.

ज्योतीराम म्हणजे बाईंचे यजमान. चिंचवडच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. धाड-धाड चालणाऱ्या त्या मशिनांनी त्यांना पगार दिला, फंड दिला आणि जाताना कान काढून घेतले. अर्थात हे ते मान्य करत नसत. "मला नीट ऐकू येतं, लोकच हल्ली पुटपुटतात," असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटची काही वर्षं ते लाइनवर देखरेखीला होते. तिथे प्रत्येक पान्याला ठरलेली जागा, जमिनीवर पिवळे पट्टे, निरुपयोगी वस्तूला लाल चिठ्ठी, अशी सगळी शिस्त त्यांच्या हातून बसली होती. कंपनीने निरोप दिला तेव्हा ती शिस्त ते बरोबर घरी घेऊन आले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ओट्यावरच्या भिंतीवर काळ्या रंगाने झाऱ्याचं, उलथन्याचं, सांडशीचं आणि लाटण्याचं चित्र काढलं. चित्रावर खिळा, खिळ्याला वस्तू.

"अहो, हे काय?"

"वस्तू जागेवर नसली की लगेच दिसलं पाहिजे. आता बघ, सांडशी कुठाय? चित्र रिकामं. म्हणजे सांडशी हरवली."

"हरवली कशी? माझ्या हातात आहे!"

"मग काम झालं की परत लाव."

दुसऱ्या आठवड्यात गॅसभोवती पिवळी पट्टी आली. तिच्या आत विनाकारण उभं राहायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात लाल चिठ्ठ्या निघाल्या. वर्षभरात न वापरलेल्या वस्तूला चिठ्ठी लावायची आणि महिन्याने ती भंगारात द्यायची. पुरणयंत्राला चिठ्ठी लागली. शेवयांच्या पाटाला लागली. बाईंच्या आईने दिलेल्या खलबत्त्याला लागली, तेव्हा मात्र बाईंनी ती चिठ्ठी काढून ज्योतीरामांच्या शर्टाला टोचली आणि दिवसभर बोलल्या नाहीत. ते ज्योतीरामांना कळलं नाही. बाई पुटपुटत असतील असं त्यांना वाटलं.

भाकरीवर आले तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेलं. एक भाकरी थापायची, ती तव्यावर टाकायची, मग दुसरी थापायची, ही पद्धत त्यांना मागासलेली वाटली. "आधी सगळ्या थापून घे. मग सगळ्यांना पाणी लाव. मग सगळ्या भाज. सारखं काम एकत्र केलं की वेग वाढतो." बाईंनी एक दिवस मुद्दाम तसं केलं. थापलेल्या सगळ्या भाकऱ्या परातीत एकमेकींना चिकटल्या आणि त्यांची मिळून एक जाडजूड गादी झाली. ज्योतीरामांनी ती चावून चावून खाल्ली आणि म्हणाले, "पहिल्या बॅचला रिजेक्शन येतंच."

त्या संध्याकाळी रुक्मिणीबाईंनी ठरवलं. या माणसाला घराबाहेर काम मिळालं पाहिजे. आणि या माणसाला येत काय होतं, तर शिस्त आणि फुटबॉल.

फुटबॉलचं सांगायला हवं. तरुणपणी ज्योतीराम कंपनीच्या संघाचे सेंटर फॉरवर्ड होते. त्या काळी कंपन्या-कंपन्यांचे सामने गुरुवारी व्हायचे, कारण इकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. त्या सामन्यांत ज्योतीरामांनी एकशे सात गोल केले. इकडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये तो विक्रम होता, आणि तो कुणीच मोडला नाही. कँटीनच्या दारावर त्यांच्या नावाचा फळा होता. नवा मॅनेजर आला की त्याला आधी फळा दाखवायचे आणि मग मशीन.

या एकशे सात गोलांची एक गंमत होती आणि ती जगात फक्त रुक्मिणीबाईंना माहीत होती.

कंपनी गुरुवारी बंद असली तरी भट्टी बंद ठेवता येत नसे, त्यामुळे भोंगा रोजच्यासारखा वाजायचा. सामना दुपारी तीनला सुरू व्हायचा आणि साडेतीनला पहिली पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा. तो भोंगा झाला रे झाला, की मैदानावरचे सगळे जिथल्या तिथे थांबायचे आणि माना वळवून गेटाकडे बघायचे. त्यांचा इलाज नव्हता. भोंगा झाला की हातातलं काम सोडायचं, ही सवय हाडात गेलेली. खेळाडू थांबायचे, गोली थांबायचा, रेफरी थांबायचा, बांधावर बसलेले प्रेक्षकही मागे वळायचे. क्षणभरच, पण सगळे. फक्त एकट्या ज्योतीरामांना भोंगा नीटसा ऐकू यायचा नाही. ते आपले चेंडू घेऊन सरळ चालत जायचे आणि जाळ्यात घालायचे. लोक भानावर येऊन बघतात तो गोल!

रुक्मिणीबाई कामगार नव्हत्या, त्यांना भोंग्याशी देणंघेणं नव्हतं. त्या बांधावर योगिनीला मांडीवर घेऊन शेंगा सोलत बसायच्या आणि समोर बघत राहायच्या. त्यामुळे एकशे सात गोल होताना पाहिलेल्या त्या एकट्याच. भोंग्याशिवाय ज्योतीरामांनी एकच गोल केला होता, तोही आपल्याच बाजूला, आणि तो मोजला नव्हता.

बाई हे कधी बोलल्या नाहीत. नवऱ्याला प्रेस शॉपमध्ये दिवसभर उभं राहून घामाशिवाय काही मिळत नसे. गुरुवारी लोक खांद्यावर घेत. ते खांद्यावरून खाली कशाला उतरवायचं?

तर बाईंनी निघोज्याच्या लक्ष्मणरावांना फोन लावला.

लक्ष्मणराव निघोज्याच्या जुन्या शेतकरी घरातले. तरुणपणी तेही चिंचवडला नोकरीला होते, शेजारच्या कंपनीत, आणि त्या कंपनीचे गोलकीपर होते. एकशे सातपैकी निदान वीस गोल त्यांच्या पायाखालून गेलेले. पुढे चाकणला कारखाने आले, लक्ष्मणरावांची जमीन गेली, बंगला आला, खोल्या भाड्याने गेल्या, आणि हौस म्हणून त्यांनी गावात फुटबॉल क्लब काढला. क्लब दर वर्षी शेवटचा यायचा.

"वहिनी, ज्योतीरामभाऊ मॅनेजर व्हतील?" लक्ष्मणराव फोनवर ओरडलेच. "अवो, माझं भाग्य! त्यो माणूस म्हंजे वारा हाय वारा. मी गोलात डोळं तानून हुभा असायचो. पापनी लवली न्हाई की बॉल आत! कसा आला, कुठनं आला, आजपतूर कळलं न्हाई मला."

"त्यांनाही कळलेलं नाही, भावजी," बाई म्हणाल्या. हे शंभर टक्के खरं होतं.

ज्योतीराम मॅनेजर झाले. सकाळी डबा घेऊन निघायचे ते दिवस मावळता परत यायचे. बाईंनी पुरणयंत्रावरची चिठ्ठी काढली आणि हौसेने पुरणपोळ्या केल्या.

निघोज्याच्या मैदानावर मात्र पिवळे पट्टे पडले. ज्योतीरामांनी चुन्यात हळद कालवून प्रत्येक खेळाडूसाठी एक चौकोन आखला. ज्याने त्याने आपल्या चौकोनात उभं राहायचं, मागून माल आला की पुढच्याला द्यायचा. चेंडूला ते माल म्हणत. पास चुकला की "रिजेक्शन!" असं ओरडत. सरावाआधी सगळ्यांनी उजवा हात पुढे करून सुरक्षिततेची शपथ घ्यायची. कप्तान गणराज हा चाकणला एका कंपनीत लाइनवरच कामाला होता. तो म्हणाला, "काका, आठ तास हेच करून येतो राव आम्ही. इथे तरी पळू द्या!"

"पळायचं कशाला? माल पळाला पाहिजे, माणूस नाही."

पहिल्या सामन्यात समोरच्या कप्तानाने ते चौकोन बघितले आणि विचारलं, "भावा, इथे गाड्या लावायच्यात का?" तो सामना चार गोलांनी गेला. पुढचा सहा गोलांनी.

गोल कसा करायचा हे ज्योतीरामांनी स्वतः शिकवलं. पुढे खेळणाऱ्या दिग्विजयला त्यांनी जवळ घेतलं. "हे बघ. चेंडू घ्यायचा. सरळ जायचं. समोरचे आपोआप थांबतात."

"थांबत नाहीत, काका."

"थांबतात. मी पाहिलंय."

"काका, तो कालचा बॅक माझ्या अंगावर बसला होता!"

"तू घाबरून गेलास. विश्वासानं जा. थांबतात."

दिग्विजय विश्वासाने गेला. त्याच्या अंगावर दोघे बसले.

असे एकामागून एक सामने गेले आणि हंगामाचा शेवटचा सामना उरला. त्याच्या आदल्या रविवारी ज्योतीराम घरी आले ते उतरल्या चेहऱ्याने. हातपाय धुऊन ओट्यापाशी येऊन उभे राहिले. पट्टीच्या आत.

"लक्ष्मणरावांनी शाल-श्रीफळाचा विषय काढला," ते म्हणाले. "म्हणाले, गुरुवारी जिंकलो तर पुढचं वर्षही तुमचंच. न्हाई तर सन्मानानं निरोप देऊ. पोरं ऐकत नाहीत म्हणाले."

बाईंनी गॅस बारीक केला. नवऱ्याचा चेहरा बघून बारीक केला, आणि पुढचं वाक्य ऐकून बंदच केला.

"बरंच झालं म्हण," ज्योतीराम फ्रीज उघडून आत बघत म्हणाले. "घरातलं अर्धवट राहिलं होतं. फ्रीजचे कप्पे, मसाल्याचे डबे. आणि भाकरीची दुसरी बॅच काढून बघू."

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. सकाळी उठून त्या डोकं शांत करायला योगिनीकडे रहाटणीला गेल्या. जावई रविराज चाकणच्या एका कंपनीची बस चालवायचा. तो पहाटेच बस घेऊन गेला होता. बाई गॅलरीत चहा घेत बसल्या. खाली चौकात टपरीपाशी कामगारांची गर्दी होती. कुणी चहा पीत होतं, कुणी वडापावाचा पहिला घास घेत होतं, समोरच्या सलूनमध्ये एकाची अर्धी दाढी झाली होती. तेवढ्यात वळणावरून हॉर्न आला. एक लांब, दोन आखूड.

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

मग जे झालं ते बघून बाईंच्या हातातली बशी कलती झाली. चहाचे कप जागच्या जागी राहिले. वडापाव हवेत राहिला. अर्ध्या दाढीवाला फेसासकट धावला. अर्ध्या मिनिटात चौक मोकळा झाला. टपरीवाल्याने शांतपणे कप गोळा करायला सुरुवात केली.

"हे रोज असंच?" बाईंनी योगिनीला विचारलं.

"अगं, बस चुकली की खाडा. यांच्या बसचा हॉर्न झाला की लोक जेवतं ताट सोडतात."

बाईंना तो चिंचवडचा बांध दिसला. तीच मान, तोच वळसा. भोंगे कधीच गेले, आता नुसतं बोट ठेवलं की हजेरी लागते. पण भोंग्याचा जीव काही गेला नव्हता, तो बसमध्ये जाऊन बसला होता.

रविराज दुपारी जेवायला आला तेव्हा बाईंनी त्याला स्वतः वाढलं. दोन पोळ्या जास्त वाढल्या.

"जावईबापू, गुरुवारी निघोज्याला कुणाशी सामना आहे?"

"आमच्याच कंपनीच्या टीमशी, आई. मीच घेऊन जाणार आहे पोरांना बसमधून."

"देव पावला. बस मैदानाशेजारी लावायची. मी बांधावर बसलेली असेन. मी उभी राहिले की हॉर्न वाजवायचा. एक लांब, दोन आखूड."

रविराजचा घास थांबला. "आई, माझ्याच कंपनीची टीम आहे! नोकरी जाईल माझी."

"हॉर्न वाजवला म्हणून ड्रायव्हरची नोकरी गेल्याचं ऐकलंय कधी? हे बघा, मी जबरदस्ती करत नाही. तुमचे सासरे घरी बसले तर त्यांना करमणार नाही. मग मी त्यांना इकडेच पाठवत जाईन, महिना-महिना. योगिनीचं स्वयंपाकघर तसं मोठं आहे. आणि तुमच्या त्या हॉलमध्ये…"

रविराजने हॉलकडे पाहिलं. मागच्या दिवाळीत सासरे चार दिवस राहिले होते आणि जाताना त्याच्या कॅरम बोर्डला लाल चिठ्ठी लावून गेले होते.

"एक लांब, दोन आखूड," तो म्हणाला.

एक अडचण होती. निघोज्याची पोरंही चाकणच्याच कंपन्यांत कामाला, तीही बसनेच जाणारी. हॉर्न त्यांनाही ऐकू आला असता. बाईंनी त्यावर उपाय काढला. गुरुवारी त्या कापसाचे बोळे घेऊन मैदानावर गेल्या आणि प्रत्येक पोराच्या कानात आपल्या हाताने घातले. "थंडी काय पडलीय! कानातून वारं शिरलं की छाती धरते. काढायचे नाहीत हं." ज्योतीरामांच्या कानात त्यांनी बोळे घातले नाहीत. गरज नव्हती.

पोरं गुणाची होती. पण समोरच्या संघाने मैदानावर पाऊल टाकताच त्यांचा गोली ओरडला, "काय रे गणराज, बाळंत झालास का? मुलगा की मुलगी?" सगळे खिदळले. गणराजने बोळे काढून फेकले. मग एकेकाने काढले. बाई तेव्हा बांधावर सतरंजी पसरत होत्या. त्यांनी ते पाहिलं नाही.

सामना सुरू झाला. समोरचे काही फार भारी नव्हते, पण निघोज्याची पोरं चौकोनातून बाहेर पडेनात, आणि समोरच्यांना ते चौकोन चुकवून कसं जायचं ते कळेना. मध्यंतर झालं, दोन्ही बाजूंना शून्य. अध्यक्ष लक्ष्मणराव पांढऱ्या टोपीखाली घाम पुसत येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या माणसाने शाल आणि नारळ आणून टेबलावर ठेवलेही होते. बाईंना ती शाल दिसत होती. त्यांना शालीतून फ्रीजचे कप्पे दिसत होते.

उत्तरार्धात दिग्विजय विश्वासाने पुढे गेला, त्याच्या अंगावर तिघे बसले आणि त्याचा पाय मुरगळला. बाकावर कुणीच नव्हतं. राखीव पोरांना कंपनीने ओव्हरटाइमला थांबवून घेतलं होतं.

"आता?" गणराजने विचारलं.

लक्ष्मणराव पुढे झाले. "भाऊ, तुमचं नाव मी खेळाडूंत घातलंय. मान म्हनून. उतरा!"

साठीचे ज्योतीराम उतरले. पँट मोज्यात खोचली, चष्म्याला मागून दोरा बांधला आणि दिग्विजयच्या चौकोनात जाऊन उभे राहिले. हे बाईंच्या बेतात नव्हतं.

वेळ संपत आली. गणराजला मध्यावर चेंडू मिळाला. समोर रिकामी वाट होती. हाच तो क्षण, असं वाटून रुक्मिणीबाई पदर सावरत उभ्या राहिल्या. आणि गणराजला ऐन वेळी शिस्त आठवली. त्याने चौकोन सोडला नाही, माल पुढच्याला दिला. पुढचा म्हणजे ज्योतीराम.

बसचा हॉर्न झाला. एक लांब, दोन आखूड.

समोरचा गोली पहिला धावला, हातमोज्यांसकट. मागून त्याचे बॅक. मागून सगळा संघ. आणि बाईंनी कपाळाला हात लावला, कारण त्यांच्या मागून गणराज धावला, दिग्विजय लंगडत धावला, निघोज्याचा गोली धावला. ती बस आपल्या कंपनीची नाही, आज गुरुवार, सुट्टी आहे, आपल्या पायांत फुटबॉलचे बूट आहेत, यातलं काहीही कुणाच्या ध्यानात आलं नाही. सीमारेषेवरचा माणूस झेंडा काखेत मारून पळाला. रेफरीही एका कंपनीत दुसऱ्या पाळीला कामाला होता. तोही शिट्टी तोंडात धरून बसच्या पायरीपर्यंत पोचला. समोरच्या कप्तानाने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली.

मैदानावर एकटे ज्योतीराम उरले. त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. त्यांना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं. ते चेंडू घेऊन निघाले.

पण आता वय साठ होतं. थोडं गेले आणि थांबले. दम खाल्ला. मोजा वर केला. पुन्हा निघाले. चेंडू चौकोनाच्या जाड चुन्यात रुतला, तो पायाने उकरून काढला.

"चला हो!" रुक्मिणीबाई बांधावरून ओरडल्या. "चला, चला!" ज्योतीरामांना अर्थातच ऐकू आलं नाही.

तोवर बसमध्ये काही जणांना शंका आली होती. बस हलत नव्हती. गोलीने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि किंचाळला, "अरे, म्हातारा! म्हातारा निघालाय!" सगळे एकदम दाराकडे आले. पण बसच्या दारात एका वेळी एकच माणूस मावतो, आणि रेफरी अजून आत चढत होता. दारात गठ्ठा झाला. कुणाचा बूट कुणाच्या खिशात अडकला.

लक्ष्मणराव हे सगळं उभ्या उभ्या बघत होते. नोकरीत त्यांनी भोंगा ऐकला होता, पण जन्मात कधी कंपनीच्या बसने गेले नव्हते. हॉर्नने त्यांचा केसही हलला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ते ज्योतीरामांचा गोल होताना डोळे उघडे ठेवून बघत होते.

ज्योतीराम रिकाम्या गोलापाशी पोचले. क्षणभर थांबले, चष्मा नीट केला आणि हलकेच चेंडू आत ढकलला. तो रांगत रांगत रेषेपलीकडे गेला.

एकशे आठ.

लक्ष्मणराव हळूहळू बांधाकडे आले. बसकडे बघितलं. ज्योतीरामांकडे बघितलं. मग बाईंकडे.

"वहिनी," ते टोपी काढत म्हणाले, "तवा बी असंच व्हायचं का? साडेतीनला? मी… मी भोंग्याकडं बघायचो काय?"

"शेंगा घ्या, भावजी," बाई म्हणाल्या.

लक्ष्मणरावांनी मूठभर शेंगा घेतल्या. एक सोलली. बराच वेळ चावली.

"नातवंडांला सांगतो मी," ते शेवटी म्हणाले, "का त्यो मानूस वाऱ्यावानी यायचा. पापनी लवायच्या आत. आता मी काय सांगू त्यांला? का तुमचा आजा तोंड फिरवून हुभा ऱ्हायचा?"

"वाराच होता, भावजी. मी पाहिलाय ना."

"व्हय," लक्ष्मणराव सुस्कारा सोडून म्हणाले. "वाराच. अन् ह्ये आपल्या दोघांतच."

त्यांनी टेबलावरची शाल उचलली, घडी मोडली आणि थंडी वाजते म्हणून स्वतःच्याच अंगावर घेतली. नारळ तिथेच फोडला आणि खोबरं पोरांत वाटलं.

समोरच्या संघाने आरडाओरडा केला. रेफरी म्हणाला, "मी शिट्टी मारली नव्हती. शिट्टी नाही तर खेळ चालू." हे त्याने बसच्या पायरीवरूनच सांगितलं. समोरचा कप्तान म्हणाला, आम्ही तक्रार करू. पण तक्रारीत लिहायचं काय, यावर त्यांचं एकमत होईना. ऐन सामन्यात आमचा अख्खा संघ बसमध्ये जाऊन बसला होता, हे आपल्याच साहेबांना कोण कळवणार?

घरी येताना रिक्षात काळेवाडी फाट्याला ज्योतीराम म्हणाले, "पोरांना मी सांगत होतो, समोरचे आपोआप थांबतात. त्यांना पटत नव्हतं. बघितलंस ना आज? या वेळी तर पळून गेले."

"बघितलं," बाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या. "एकशे आठही मीच बघितले."

पुढे काय झालं म्हणाल, तर ज्योतीराम अजून निघोज्याचे मॅनेजर आहेत. क्लब अजून शेवटून पहिला किंवा दुसरा येतो, पण त्यांना काढायचं नाव कुणी काढत नाही. लक्ष्मणराव नातवंडांना वाऱ्याची गोष्ट आता जास्त रंगवून सांगतात, त्यात पाचोळाही उडतो. गणराज कंपनीत पर्मनंट झाला आणि मोशीला राहायला गेला. लग्नात त्याच्या मित्रांनी त्याला कापसाच्या बोळ्यांचा हार घातला. दिग्विजयने पायाचं निमित्त करून फुटबॉल सोडला आणि क्रिकेट धरलं. तिथे अंगावर कुणी बसत नाही. रविराजची नोकरी गेली नाही, उलट त्याची बस कधी उशिरा निघत नाही म्हणून त्याचा सत्कार झाला. फक्त मैदानाजवळून जाताना तो हॉर्न वाजवत नाही. योगिनीने कॅरम बोर्ड पलंगाखाली लपवून ठेवला आहे.

आणि रुक्मिणीबाई? त्यांनी गॅसभोवतीची पिवळी पट्टी खरवडून काढली. खलबत्ता ओट्यावर मधोमध आला. भिंतीवरची ती काळी चित्रं पुसायलाही एकदा ओलं फडकं घेऊन उभ्या राहिल्या, झाऱ्यापासून सुरुवात करावी म्हणून. पण खरं सांगायचं तर सांडशी आता घाईत चटकन सापडते. पूर्वी ती कधी डाळीच्या डब्यामागे, कधी खिडकीत तुळशीपाशी असायची.

तेव्हा चित्रं राहिली. ज्योतीराम सकाळी डबा घेऊन निघोज्याला गेले की बाई सांडशी तिच्या जागेवर लावतात. दिवस मावळता जिन्यात त्यांची पावलं वाजली, की आठवणीने काढून ओट्यावर आडवी टाकतात.